बांधणी फसली, तर घाई किती करावी ?

आपलें हें वार्षिक तुमच्या हातीं पडतें तेव्हां त्याच्यामागें दोन वस्तु असतात. एक, लेखकांनीं लिहून दिलेलें हस्तलिखित ; व दुसरी, छापखान्यांतून बांधून आलेली प्रत. वाचकास प्रत पुरते. हस्तलिखित कोठें आहे ह्याची तो पृच्छा करीत नाहीं. परंतु समजा, गतवर्षींच्या अंकांत एकाद्या मुलाचें नांव चुकीचें छापलें गेलें, व तें सुधारून अंक पुन्हां छापावयाचा आहे. आणि त्याच वेळीं असें आढळून आलें कीं, हस्तलिखित तर शाबूत आहे, पण छापखान्यानें यंत्र बदलल्यामुळें त्यावरून आतां अंक निघतच नाहीं. जुन्या प्रती कपाटांत धडधाकट आहेत, त्या वाचतां येतात, आणि तरीही अंक एका अर्थानें आपल्या हातचा गेला आहे. ही आपत्ति किती मोठी समजावी ? आजच धांवाधांव करावी, कीं पुढच्या सुट्टीपर्यंत थांबावें ? संगणकाच्या जगांत हाच प्रश्न रोज उभा राहतो. त्याचा उलगडा तेथील लोक कसा करितात, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

संगणकावर चालणारा प्रोग्रॅम बहुधा प्रथम मनुष्यास वाचतां येईल अशा भाषेंत लिहिला जातो. ह्या मूळ लिखाणास सोर्स कोड म्हणतात. यंत्रास तें जसेंच्या तसें कळत नाहीं. कंपायलर नांवाचा दुसरा प्रोग्रॅम त्याचें यंत्रभाषेंत रूपांतर करितो, लागणारे इतर सुटे भाग त्यास जोडले जातात, बहुधा कांहीं चांचण्याही घेतल्या जातात, आणि मग चालण्याजोगी वस्तु तयार होते. ह्या सर्व क्रियेस बिल्ड म्हणतात. आपण तिला बांधणी म्हणूं. एक पायरी जरी चुकली तरी क्रिया तेथेंच थांबते, व बांधणी फसली असें म्हणतात. ओपन सोर्स ह्या नांवानें जें सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे, त्याचें मूळ लिखाण सर्वांस खुलें असतें. कोणीही तें वाचावें, सुधारावें व पुन्हां बांधावें. येथें पालकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, पुन्हां बांधतां येणें हाच ह्या मोकळीकीचा गाभा होय. लिखाण उघडें आहे पण त्यावरून वस्तु बांधतांच येत नाहीं, तर ती मोकळीक केवळ कागदावरची.

ह्या विषयाचा फार रेखीव नमुना डेबियन नांवाच्या संस्थेंत पाहावयास मिळतो. १६ ऑगस्ट १९९३ रोजीं अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत शिकणाऱ्या इयन मर्डॉक ह्या तरुणानें तिची घोषणा केली. डेब्रा हें त्याच्या मैत्रिणीचें नांव व इयन हें स्वतःचें, ह्या दोहोंच्या जोडानें डेबियन हा शब्द झाला. आज जगभर पसरलेले सुमारें १,००० सभासद, व त्यांखेरीज पुष्कळ मदतनीस, हें काम बहुतांशीं विनावेतन करितात. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं तिची १३ क्रमांकाची आवृत्ति निघाली. आवृत्तींना 'टॉय स्टोरी' ह्या चित्रपटांतील पात्रांचीं नांवें देण्याची त्यांची चाल आहे. हिचें नांव ट्रिक्सी. तींत सुमारें ७०,००० पॅकेजें असून तीं सात निरनिराळ्या यंत्रजातींसाठीं बांधलेलीं आहेत. घरोघरच्या साध्या संगणकापासून आय. बी. एम. कंपनीच्या प्रचंड मेनफ्रेमपर्यंत ह्या जातींचा पसारा आहे.

कारागिरानें आपलें पॅकेज पाठविलें कीं प्रत्येक जातीचीं बांधणी-यंत्रें तें आपोआप उचलतात व बांधूं लागतात. यश येवो वा न येवो, प्रत्येक प्रयत्नाची सविस्तर नोंद उघड ठेविली जाते. ती तुम्हां-आम्हांसही वाचतां येते. शिवाय मधूनमधून कांहीं स्वयंसेवक संपूर्ण भांडारच नव्यानें बांधून पाहतात. कारण गतवर्षीं नीट बांधलें गेलेलें पॅकेज यंदां बांधलें जाईलच, ह्याची शाश्वति नसते. त्यांतील एक अक्षरही बदललेलें नसतें, पण भोंवतालचें जग बदललेलें असतें. शेजारचें घर पाडलें म्हणजे कोणीं हात न लावतांही आपल्या वाड्याची भिंत खचते, तशांतला हा प्रकार.

दोष आढळला कीं तो नोंदवहींत चढतो, व त्याची पायरी ठरवावी लागते. डेबियनमध्यें अशा सात पायऱ्या आहेत. सबंध यंत्रणा बिघडविणारा, माहितीचा गंभीर नाश करणारा, किंवा नुसतें पॅकेज बसविल्यानें चोरास वाट उघडून देणारा दोष सर्वांत वरचा, क्रिटिकल. पॅकेज बहुतांशीं निरुपयोगी करणारा तो ग्रेव्ह. संस्थेचा अनिवार्य नियम मोडणारा, अथवा पॅकेज आवृत्तींत घालण्यास अपात्र ठरविणारा तो सीरियस. त्याखालीं इंपॉर्टंट, नॉर्मल, मायनर, आणि शेवटीं विशलिस्ट, म्हणजे नुसती मनीषा. वरच्या तिन्ही पायऱ्यांवरील दोष आवृत्तीच्या वाटेंत आडवे येणारे मानले जातात. खालच्या चार पायऱ्यांचे दोष राहिले तरी आवृत्ति निघूं शकते.

आतां फसलेली बांधणी कोणत्या पायरीवर ठेवावी ? नवशिक्यास वाटेल कीं, लोकांच्या संगणकांवर जुनी बांधलेली प्रत तर उत्तम चालत आहे. कोणाचें कांहीं अडलेलें नाहीं. सबब ही बाब मायनर. परंतु डेबियनचा नियम असा आहे कीं, ज्या यंत्रजातींसाठीं पॅकेज पुरविलें जातें त्या सर्वांवर तें आपोआप बांधलें गेलेंच पाहिजे. म्हणून पूर्वीं जेथें बांधणी यशस्वी होत होती तेथें ती फसूं लागली, तर तो दोष सीरियस. जेथें तें पॅकेज पूर्वीं कधींच बांधलें गेलें नव्हतें, तेथें मात्र बांधणी फसली तरी तो त्याहून हलका गणला जातो. कारण जें कोणास दिलेंच नव्हतें तें काढून घेतल्यासारखें होत नाहीं. ह्या एवढ्याशा भेदांत मला फार शहाणपण दिसतें.

नियम इतका कडक कां, हें कळण्यास आपल्या मराठी अक्षरांचेंच उदाहरण घेऊं. 'लोहित' नांवाचा एक देवनागरी टंक आहे. त्याची जोपासना पुष्कळ वर्षें रेड हॅट कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयांतून झाली. टंक म्हणजे चित्रें, त्यांत बांधावयाचें काय, असें तुम्ही म्हणाल. पण टंकाचेंही मूळ लिखाण असतें, व फाँटफोर्ज नांवाच्या हत्यारानें त्यावरून वापरण्याजोगी फाइल तयार करितात. समजा, त्या हत्याराची नवी आवृत्ति निघाली व तिच्यायोगें टंकाची बांधणी फसूं लागली. तुमच्या पडद्यावरील 'क' व 'ळ' तसेच उमटत राहतील. महिनेच्या महिने कोणास पत्ताही लागणार नाहीं. आतां १५ जुलै २०१० हा दिवस आठवा. त्या दिवशीं भारत सरकारनें रुपयाचें नवें चिन्ह स्वीकारलें, व त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत युनिकोडच्या ६.० ह्या आवृत्तींत त्यास स्थान मिळालें. ज्या टंकांत तें चिन्ह हवें होतें तो प्रत्येक टंक पुन्हां बांधणें त्या क्षणापासून प्राप्त झालें. ज्याची बांधणी फसलेली असेल त्याच्या कारागिरास अशा वेळीं एका कामाऐवजीं दोन कामें करावीं लागतात, आणि पहिलें काम कोणत्या वर्षापासून कुजत पडलें आहे हेंही शोधावें लागतें. रुपयाच्या चिन्हाच्या जागीं एकादी चोरवाट बुजवावयाची असती, तर काय झालें असतें ह्याची कल्पना करा. फसलेली बांधणी हा आजचा आजार नसेल. पण आजार झाल्यास औषध देतां येणार नाहीं, अशी ती अवस्था असते.

तथापि पायरी वेगळी व घाई वेगळी. पायरी सांगते कीं दोषाचें वजन किती. घाई सांगते कीं तो आज उचलावा कीं उद्यां. दोहोंची गल्लत झाली म्हणजे भांडणें होतात. डेबियनमध्यें तर पॅकेज पाठवितांना त्यासोबत घाईचा शब्द लिहावा लागतो, व त्यावरून तें कच्च्या भांडारांतून पक्क्या होऊं घातलेल्या भांडारांत जाण्यापूर्वीं साधारणतः किती दिवस थांबेल तें ठरतें : मोठी घाई असल्यास २ दिवस, मध्यम असल्यास ५, घाई नसल्यास १०. ह्या दिवसांत इतर लोक तें वापरून पाहतात. म्हणजे घाईची किंमत तपासणीच्या दिवसांत मोजावी लागते, हें तेथें आंकड्यांनींच मांडलेलें आहे. प्रत्येक पत्रावर 'अत्यंत जरुरीचें' असें लिहिणाऱ्या गृहस्थांनीं ह्यावर अवश्य विचार करावा.

घाई ठरवितांना पहिला विचार असा कीं, ह्या एका बांधणीवर आणखी कोण टेकलेला आहे. वस्तूच्या आकाराचा येथें कांहीं संबंध नाहीं. २२ मार्च २०१६ रोजीं जावास्क्रिप्टच्या एनपीएम नांवाच्या भांडारांतून 'लेफ्ट-पॅड' हें पॅकेज त्याच्या कर्त्यानें एका वादाच्या भरांत काढून घेतलें. तें अवघ्या ११ ओळींचें होतें. शब्दाच्या डाव्या बाजूस मोकळी जागा भरून त्यास ठराविक लांबीचा करणें, एवढेंच त्याचें काम. पण बाबेलसारखीं प्रख्यात पॅकेजें इतर पॅकेजांच्या मार्फत त्यावर टेकलेलीं होतीं, व जगभर हजारों ठिकाणीं बांधण्या फसूं लागल्या. भांडाराच्या चालकांनीं काढलेलें पॅकेज सुमारें अडीच तासांत परत ठेविलें. कर्त्याच्या इच्छेविरुद्ध तें परत ठेवणें योग्य होतें कीं नव्हतें, ह्यावर मतभेद झाले. पण अडीच तासांची ती घाई अस्थानीं होती असें म्हणणारा मला आढळला नाहीं. उलटपक्षीं एकादें मोठें थोरलें पॅकेज असें असतें कीं त्यावर दुसरें कांहींच उभें नाहीं. तें आठवडाभर पडून राहिलें तरी चालतें.

फायरफॉक्स बनविणाऱ्या मोझिला संस्थेंत शेंकडों माणसें एकाच मध्यवर्ती लिखाणांत भर घालीत असतात. तेथें बांधणी फसली तर सर्वांचेंच काम खोळंबतें. म्हणून ह्या कामीं शेरीफ नांवाचे देखरेख्ये नेमलेले आहेत. ते कारणमीमांसा करीत बसत नाहींत. ज्याच्या बदलानें बांधणी फसली तो बदल सरळ मागें घेतात, व तेवढ्यानें न भागल्यास नवे बदल घेणेंच कांहीं काळ बंद करितात. मागें घेतलेल्या मजकुराचा कर्ता पुष्कळदां हिरमुसतो. परंतु त्याचें लिखाण नष्ट झालेलें नसतें. सुधारून तें पुन्हां देतां येतें.

दोषी बदल कोणता हें ठाऊक नसेल तर ? येथें गणिताचा एक सुंदर उपयोग होतो. लिनस टॉरवाल्ड्स ह्यांनीं २००५ सालीं निर्माण केलेल्या गिट ह्या साधनांत अशी सोय आहे कीं, १,००० बदलांपैकीं मधल्यावर बांधणी करून पाहावी. फसली तर दोष आधींच्या ५०० मध्यें, न फसली तर नंतरच्या ५०० मध्यें. असें अर्धें अर्धें करीत गेल्यास अवघ्या दहा प्रयत्नांत दोषी बदल सांपडतो. दोनाचा दहावा घात १,०२४ होतो, हें आमच्या आठवीच्या मुलांनीं ताडून पाहावें.

आणखी एक जात आहे ती 'येणार हें ठाऊक असलेल्या' फसगतीची. सी ह्या भाषेंत एकाद्या उपक्रियेची आगाऊ घोषणा न करतां तिला बोलावण्याची जुनी संवय पुष्कळ लेखकांस होती. १९९९ च्या प्रमाणभाषेनें ती बंद केली, तरी जीसीसी हा कंपायलर कैक वर्षें नुसती ताकीद देऊन पुढें जात असे. शिक्षकानें लाल पेन्सिलीनें खूण करावी पण गुण कापूं नयेत, तशी ही ताकीद कोणी मनावर घेईना. मे २०२४ मध्यें त्याची १४ वी आवृत्ति निघाली व तिनें ही चूक ताकिदीच्या सदरांतून काढून खऱ्या चुकीच्या सदरांत घातली. त्यासरशीं जुन्या पॅकेजांच्या बांधण्या फसूं लागल्या. डेबियननें अशा वेळीं काय करावें ? नवा कंपायलर रूढ करण्यापूर्वींच त्यानें भांडार बांधून पाहतात, फसणाऱ्या प्रत्येक पॅकेजाची नोंद आधीं खालच्या पायरीवर करितात, व कंपायलर रूढ झाला कीं त्याच नोंदी सीरियस करितात. दोष तोच, लिखाण तेंच. बदलला तो काळ. आधीं सांगितलेलें असल्यामुळें कोणाचा अपमान होत नाहीं.

सर्वांत त्रासदायक दोष मात्र तो, जो कधीं दिसतो व कधीं दिसत नाहीं. एकादें पॅकेज दहांपैकीं नऊ वेळां नीट बांधलें जातें व एकदां फसतें. पुन्हां प्रयत्न केला कीं जमतें, म्हणून कारागीर म्हणतो, "माझ्याकडे तर ठीक चाललें आहे." दहांत एक ही फसगत क्षुल्लक वाटते खरी. पण सात यंत्रजातींवर तें एकाच वेळीं बांधावयाचें असेल, तर सातही ठिकाणीं यश येण्याचा संभव ०.९ चा सातवा घात, म्हणजे सुमारें ०.४८ इतकाच उरतो. निम्म्याहून अधिक वेळां कोठेंतरी एक बांधणी फसणारच, व कोणास तरी उठून पुन्हां कळ दाबावी लागणार.

ह्यावरून डेबियनमध्यें खरे वाद झालेले आहेत. संस्थेच्या भक्कम बांधणी-यंत्रांवर पॅकेज नीट बांधलें जातें. पण कोणा एकाच्या एकच प्रोसेसर असलेल्या लहान यंत्रावर तें फसतें. हा दोष सीरियस समजावा काय ? एक पक्ष म्हणतो : आमच्या यंत्रांवर बांधलें गेलें म्हणजे नियम पाळला गेला ; फुकट काम करणाऱ्या माणसाच्या मानेवर, आवृत्ति अडविण्याच्या धमकीसकट, हा बोजा कां ठेवतां ? दुसरा पक्ष म्हणतो : पुन्हां बांधण्याची मुभा सर्वांना दिली आहे ना ? मग ती केवळ मोठ्या यंत्राच्या धन्यापुरती कशी ? माझें मत विचाराल, तर दोष नोंदविण्याच्या बाबतींत मी दुसऱ्या पक्षाचा व घाईच्या बाबतींत पहिल्याचा आहे. लहान यंत्रावर काम करणारा बहुधा आमच्याच मुलांसारखा कोणी असतो, व त्याची तक्रार वहींत राहिलीच पाहिजे. परंतु तिच्यासाठीं आवृत्ति अडविण्याचा हट्ट धरणें म्हणजे त्याच कारागिराचे दुसऱ्या जरुरीच्या कामाचे तास हिरावून घेणें होय. नोंदविणारानें स्वतः दुरुस्तीचा मसुदाही जोडून दिला, तर हा वाद पुष्कळदां सुरूच होत नाहीं.

ह्या सर्वांत माणसें आहेत, हें विसरतां कामा नये. दोषाची नोंद सीरियस झाली व ठराविक मुदतींत कोणीं ती निवारली नाहीं, तर तें पॅकेज, व त्यावर टेकलेलीं इतर, होऊं घातलेल्या आवृत्तींतून आपोआप काढलीं जातात. फार महत्त्वाचीं पॅकेजें तेवढीं ह्या कात्रींतून वगळलेलीं असतात, कारण त्यांना काढल्यास इमारतच कोसळेल. ज्यानें रात्रीच्या रात्री जागून एकाद्या पॅकेजाची काळजी वाहिली, त्यास आपलें पॅकेज काढलें जाणार असा आपोआप आलेला निरोप वाचतांना काय वाटत असेल, तें नोंदविणारानें मनांत आणावें. कदाचित् तो आजारी असेल. कदाचित् त्याच्या मुलांची परीक्षा असेल. म्हणून अशी पद्धति आहे कीं, मूळ कारागिरास सवड नसेल तर दुसऱ्यानें आधीं सूचना देऊन, कांहीं दिवस वाट पाहून, लहानशी दुरुस्ती आपण करून पाठवावी.

आवृत्ति जवळ आली म्हणजे तर घाईचें स्वरूपच पालटतें. ट्रिक्सीच्या वेळीं १५ मार्च २०२५ पासून भांडार टप्प्याटप्प्यानें गोठविण्यास सुरवात झाली. १५ मे पासून निर्बंध अधिक कडक झाले. ९ ऑगस्टला आवृत्ति बाहेर पडली. गोठविल्यानंतर नवें कांहीं घ्यावयाचें नाहीं, हा दंडक. परंतु शब्बाथ दिवशीं खड्ड्यांत पडलेल्या बैलाची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. फसलेली बांधणी दुरुस्त करणारा, नेमका व आटोपशीर बदल त्या काळांतही परवानगीनें आंत घेतात. नुसत्या सोयीचा वा शोभेचा बदल कितीही सुंदर असला तरी बाहेर उभा राहतो. मार्चच्या पूर्वीं जो दोष सवडीनें पाहूं असें म्हणून ठेवलेला असतो, तोच जुलै महिन्यांत सर्वांच्या आधीं उचलावा लागतो.

आतां ज्याची मुदत पंचांगांतच लिहिलेली आहे असा एक प्रकार सांगून थांबतों. कांहीं पॅकेजांच्या चांचण्यांत एकादी तारीख किंवा ठराविक मुदतीचें प्रमाणपत्र लिहिलेलें असतें ; ती तारीख उलटली कीं त्या दिवसापासून बांधणी फसते. हें आधींच हुडकण्यासाठीं घड्याळ वर्षाहून अधिक पुढें सरकवून बांधणी करून पाहण्याचा उपक्रम डेबियनमध्यें चालतो. ह्या कुळांतील सर्वांत मोठी तारीख १९ जानेवारी २०३८ ही आहे. पुष्कळ जुन्या ३२ बिटांच्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून काळ सांगतात, व त्यांचें माप २,१४,७४,८३,६४७ सेकंदांवर भरतें. आपल्या घड्याळाप्रमाणें त्या दिवशीं सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंद झाले कीं पुढचा आंकडा त्यांत मावत नाहीं. डेबियनच्या लोकांनीं २०२४ सालीं, म्हणजे चौदा वर्षें आधीं, हें माप वाढविण्याचें मोठें काम हातीं घेतलें, व त्यापायीं असंख्य पॅकेजें पुन्हां बांधलीं. कित्येक बांधण्या वाटेंत फसल्या, व त्या एकेक करून सुधारल्या गेल्या. ट्रिक्सी निघाली तेव्हां एका जुन्या यंत्रजातीखेरीज सर्वत्र मोठें माप लागू झालेलें होतें. त्या जुन्या जातीला मुद्दाम वगळलें, कारण तिचा उपयोग आतां मुख्यत्वें जुने बांधलेले प्रोग्रॅम चालविण्यापुरताच उरला आहे, व त्या प्रोग्रॅमांना नवें माप कळलें नसतें. २०३८ उजाडेल तेव्हां आज पांचवींत बसणारीं आमचीं मुलें बावीस-तेवीस वर्षांचीं झालेलीं असतील.